स्ट्रिप संपली, कोर्स संपला नव्हता

आईच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलून एकोणीस दिवस झाले होते आणि मी तिच्या पायाशी बसून तिची पोटरी दाबून देत होते. चांगला जोर लावून, कारण ती म्हणत होती की बरं वाटतंय गं, अजून थोडं दाब. त्या पोटरीपासून वर मांडीपर्यंत तेव्हा रक्ताची गुठळी होती. मला माहीत नव्हतं. आज ते आठवलं तरी हातपाय गार पडतात.

ऑपरेशन अगदी व्यवस्थित झालं होतं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं, चौथ्या दिवशी डिस्चार्ज, चौदाव्या दिवशी टाके काढले तेव्हा सर्जन म्हणाले जखम एकदम छान भरलीये. आम्ही सगळे रोज जखम बघायचो. लाल झाली का, पाणी येतंय का, ताप आहे का, सगळं लक्ष तिथंच. पोटरीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, पोटरीला काय झालंय, ऑपरेशन तर खुब्याचं होतं ना.

सोळाव्या दिवशी घोट्यापाशी थोडी सूज दिसली. मी म्हटलं आज चालणं जास्त झालं. सतराव्या दिवशी आई म्हणाली पाय जड वाटतोय, तेव्हा दादा म्हणाला फिजिओने नवीन व्यायाम दिलेत ना, त्याचं असेल. अठराव्या दिवशी पोटरी गरम लागली हाताला आणि मी काय म्हटलं असेल, तर बराच वेळ पांघरुणात होता म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, हेच मला आजही सगळ्यात जास्त छळतं. आम्ही निष्काळजी नव्हतो हो, आम्ही दिवसभर तिच्याच मागेपुढे होतो, पण जे दिसत होतं ते सगळं आम्ही ऑपरेशनच्या खात्यात टाकत होतो.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी दादा आला आणि त्याने सहज दोन्ही पायांवरचं पांघरूण काढलं. तोवर आम्ही फक्त उजवाच पाय बघत होतो. दोन्ही शेजारी शेजारी बघितल्यावर सांगायची गरजच नव्हती, तरी त्याने शिवणकामाची टेप आणून मोजलं, चार सेंटीमीटरचा फरक. मी दाबायचं थांबवलं. डिस्चार्जच्या कागदावर एक नंबर होता त्यावर फोन लावला, ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?

गोळी पाच दिवसांपूर्वीच बंद झाली होती.

म्हणजे कोणी मुद्दाम बंद केली नव्हती. घरी येताना अकरा औषधं होती, दादाने छान तक्ता करून फ्रिजला लावला होता, सकाळ दुपार रात्र. अँटिबायोटिक पाच दिवसांत संपलं, मग पित्ताची गोळी संपली, पेनकिलर कमी होत गेली, आणि दहा गोळ्यांची ती एक स्ट्रिपही चौदाव्या दिवशी संपली. एकेक औषध संपतंय म्हणजे आई बरी होत चाललीये असंच आम्हाला वाटत होतं, प्रत्येक रेघ मारताना बरं वाटायचं. फाईलमधे तिसऱ्या पानावर त्या गोळीपुढे लिहिलं होतं, ऑपरेशनपासून ३५ दिवस. ते तक्त्यात उतरलंच नव्हतं. तक्त्यात होतं 'रात्री १'.

नंतर डॉक्टरांनी मला समजावलं की गोळी नीट चालू असूनही काही जणांना गुठळी होतेच, त्यामुळे त्या पाच दिवसांमुळेच झालं असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. ते मला धीर देत होते हे कळत होतं. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर हे औषध पाच आठवड्यांपर्यंत का देतात तर धोका तितके दिवस चालू राहतो म्हणूनच ना. आपल्या डोक्यात धोका म्हणजे ऑपरेशन थिएटर, फार तर आयसीयू. डिस्चार्ज मिळाला की सुटलो. आणि खुब्यानंतरच्या पायातल्या कितीतरी गुठळ्या डिस्चार्जनंतर, घरी असताना लक्षात येतात, जेव्हा रोज राउंडला येणारं कोणी नसतं आणि बघणारे आपणच असतो.

त्या रात्रीच डॉप्लर, म्हणजे पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, केली. ती तपासणी मी जवळून बघितली, इतकी साधी आहे की रडू आलं. सोनोग्राफीचा प्रोब मांडीवर ठेवतात आणि दाबतात. धमनी दाबली तरी उडत राहते, पण नीला म्हणजे शीर, ती मऊ असते, दाबली की चपटी होऊन स्क्रीनवरून गायबच होते. आईच्या डाव्या पायाची होत होती. उजव्या पायाची गुडघ्यामागची आणि मांडीतली शीर दाबली तरी गोलच्या गोल. आत काहीतरी भरलंय म्हणून. डॉक्टर काही बोलायच्या आधीच मला कळलं.

मग पुढचे काही आठवडे मी जे मिळेल ते वाचलं, भेटेल त्या डॉक्टरांना विचारलं, आणि आता जे समजलंय ते सांगते, कारण आमच्या घरात आधी हे कोणाला तरी माहीत असायला हवं होतं असं मला फार वाटतं.

रुडॉल्फ फिरशॉ नावाचे जर्मन डॉक्टर होऊन गेले, १८२१ ते १९०२. शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते हे त्यांनी दाखवून दिलं, आणि गुठळी का होते त्याची तीन कारणं आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्तच जास्त लवकर गोठायच्या मनःस्थितीत असणं. आता खुब्याचं ऑपरेशन घ्या. पाय तासभर वळवून धरलेला असतो, त्यात मांडीची मोठी शीर मुडपते, रक्त तुंबतं. हाड कापताना, खेचताना शिरेच्या अस्तराला त्रास होतो. आणि कुठंही मोठी जखम झाली की शरीर रक्त थांबवायच्या तयारीला लागतं, गोठवणारे घटक वाढवतं, ते दिवसा दोन दिवसांत नाही तर कित्येक आठवडे तसंच राहतं. शरीर चुकत नाहीये बरं का. जखम झाल्यावर रक्त गोठलं नाही तर माणूस जाईल. त्याला हे कसं कळणार की ही जखम सर्जनने केलीये आणि टाकेही घातलेत. तिन्ही कारणं एकाच वेळी एकाच पायात. म्हणून काहीच औषध न देता खुब्याचे किंवा गुडघ्याचे सांधे बदलले आणि नंतर प्रत्येकाच्या शिरा तपासल्या तर ४० ते ६० टक्के लोकांमधे कुठं ना कुठं गुठळी सापडायची असं जुन्या अभ्यासांमधे आहे. त्यातल्या बहुतेकांना काही जाणवायचंही नाही, विरघळून जायची. पण सगळ्यांची नाही.

पोटरीबद्दल अजून एक. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना स्नायू आवळले की आतली शीर पिळली जाते आणि रक्त वर ढकललं जातं, शिरेत झडपा असतात त्यामुळे ते परत खाली येत नाही. झोपून राहिलं की हा पंप बंद. म्हणून ते सारखं सांगत असतात ना की पावलं वर खाली करा, तासातासाला करा, आणि आपल्याला वाटतं हा काहीतरी टाइमपास व्यायाम दिलाय. आई तो कंटाळा करायची आणि आम्ही म्हणायचो जाऊदे दमलीये. पूर्वी तर ऑपरेशननंतर दोन दोन तीन तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवायची पद्धत होती, विश्रांती म्हणून, आणि १९४० च्या दशकात डॉक्टरांनी पेशंटला एक दोन दिवसांतच उठवायला सुरुवात केली तेव्हा तेही कित्येकांना निर्दयपणा वाटला होता.

आता पायातली गुठळी पायातच राहिली तर पाय दुखेल, सुजेल, एवढंच. भीती वेगळीच असते. धमन्या हृदयापासून निघाल्या की लहान लहान होत जातात, पण शिरांचं उलटं असतं. पोटरीपासून मांडी, मांडीतून पोट, पोटातून हृदय, रस्ता मोठाच होत जातो. म्हणजे एखादा तुकडा सुटला तर त्याला वाटेत अडवणारं काहीच नाही. हृदयाच्या उजव्या बाजूत शिरतो, तिथून पुढं फुप्फुसात ढकलला जातो, आणि तिथं रक्तवाहिन्या परत अरुंद व्हायला लागतात तेव्हा पहिल्यांदा अडकतो. मोठा असेल तर काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. अचानक धाप लागणं, श्वास घेताना छातीत टोचल्यासारखं दुखणं, छाती धडधडणं, चक्कर येऊन पडणं, खोकल्यातून रक्त येणं, यातलं काहीही झालं तर पाय मोजत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि पाय अजिबात दुखत नसतानाही हे होऊ शकतं.

आणि मी त्या पायाला मालिश करत होते. आता कळतं की गुठळीची शंका असेल तर तो पाय चोळायचा नाही, दाबायचा नाही, तुकडा सुटायची भीती असते.

एका गोष्टीवर मी फार दिवस विचार करत होते. गुठळीची शक्यता किती आहे ते ठरवायला डॉक्टर एक गुणांची पद्धत वापरतात, फिलिप वेल्स या कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात केलेली. गेल्या १२ आठवड्यांत मोठं ऑपरेशन झालंय, एक गुण. पोटरी दुसऱ्या पायापेक्षा तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त जाड, एक गुण. सगळा पाय सुजलाय, एक. दाबल्यावर खड्डा पडतो, एक. असं बरंच आहे. पण शेवटी एक अट आहे की जर दुसरं एखादं कारण तितकंच शक्य वाटत असेल तर दोन गुण वजा करा. ते वाचून मी थांबलेच. आम्ही घरी चार दिवस नेमकं हेच करत होतो, वजा करत होतो. फरक इतकाच की डॉक्टर आधी बेरीज करतात, सगळं तपासतात, आणि मग वजाबाकी करतात, आणि तरीही शंका उरली तर डॉप्लर करतात. आम्ही बेरीज केलीच नव्हती.

त्यामुळे आता मला कोणी विचारलं की ऑपरेशननंतरचं साधं दुखणं आणि हे कसं ओळखायचं तर मी माझ्यापुरतं सांगते की साधं दुखणं रोज थोडं थोडं कमी होतं. एखादा दिवस मागे पुढे होईल, पण एकंदर उतरतं. जे तिसऱ्या चौथ्या दिवसापेक्षा सोळाव्या दिवशी जास्त आहे ते विचारायचं. जे एकाच बाजूला आहे ते विचारायचं. झोपताना पाय उशीवर ठेवून सकाळी सूज उतरायला हवी, उतरत नसेल तर विचारायचं. आणि ते पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का बघतात ना, त्यावर अजिबात विसंबू नका, गुठळी असूनही दुखत नाही आणि नसूनही दुखतं. आईचं नव्हतं दुखत.

उपचार म्हणाल तर आधी पोटात टोचायची, रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनच्या जातीची इंजेक्शनं आणि मग गोळ्या, तीन महिने. इथं एक गैरसमज माझाही होता, की ही औषधं गुठळी विरघळवतात. नाही. ती गुठळी वाढू देत नाहीत आणि नवीन होऊ देत नाहीत, विरघळवायचं काम शरीर आपलं आपण हळूहळू करतं. इंजेक्शनं चालू असताना मधेच प्लेटलेट तपासायला सांगितलं तेव्हा मला वाटलं आता हे काय नवीन, तर हेपारिनमुळे क्वचित काही जणांच्या प्लेटलेट पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास एकदम निम्म्याने खाली येतात आणि उलट गुठळ्याच वाढतात. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधानेच. आईला तसं काही झालं नाही. पण त्या एका तपासणीमागे इतकं काही असतं हे बघून मी तेव्हापासून कुठलीच तपासणी उगीच म्हणत नाही.

तीन महिने दुसरी भीती, रक्तस्रावाची. काळी शौच, लघवीतून रक्त, नाकातून न थांबणारं रक्त, डोक्याला मार, हे सगळं लगेच कळवायचं होतं. आणि पाय दुखला की घरातली कुठलीही पेनकिलर द्यायची नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर पोटात रक्तस्राव करू शकतात. हे मी ठळक लिहून फ्रिजवर लावलं, त्याच तक्त्याच्या जागी.

आता काकांचं सांगते, कारण तेही याच प्रकारातलं आहे आणि तिथं आम्ही उशीर केला नाही. काकांची अँजिओप्लास्टी झाली, आईच्या नंतर चार महिन्यांनी. हल्ली बहुतेक ठिकाणी मनगटातून करतात. मनगटातून हृदयापर्यंत जायची पद्धत १९८९ मधे कॅनडात डॉक्टर लुसिएं कांपो यांनी मांडली आणि १९९२ मधे ॲम्स्टरडॅमला डॉक्टर किमनेय यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी केली. मनगटातली धमनी वरवर असते, खाली हाड असतं, पट्टा आवळला की रक्त थांबतं. काकांच्या मनगटातली वाट फार अरुंद निघाली म्हणून जांघेतून करावी लागली. जांघेतली धमनी मोठी आणि खोल. म्हणून नंतर पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायला सांगतात. त्यात काका म्हणजे एका जागी बसणारे नाहीत, दोनदा पाय दुमडला, सिस्टर ओरडल्या.

तिसऱ्या दिवशी घरी असताना जांघेत लिंबाएवढी गाठ लागली. निळंकाळं तर आधीपासून होतं, त्याची कल्पना दिली होती, ते मांडीवरून खाली उतरत जाईल आणि हिरवं पिवळं होत जाईल, घाबरू नका. पण गाठ नवीन होती आणि काकू म्हणाल्या हात लावला की उडतेय. मी फोनवरच होते. उडतेय म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही, म्हटलं काकू आत्ताच्या आत्ता निघा.

झालं असं होतं की धमनीला पाडलेलं भोक नीट बुजलं नव्हतं. रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर येऊन शेजारच्या मांसात केलेल्या पोकळीत शिरत होतं आणि परत आत जात होतं. याला खोटा फुगा म्हणता येईल, खोटा कारण त्याला रक्तवाहिनीची भिंत नसते, नुसतं आजूबाजूचं मांस त्याला धरून असतं, आणि ते कधी फाटेल सांगता येत नाही. सोनोग्राफीत बघत बघत त्या पोकळीत थ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं, आणि काही सेकंदात आतलं रक्त गोठून फुगा बंद. बघा, आईला गोठू नये म्हणून तीन महिने धडपड आणि काकांना मुद्दाम गोठवलं. तिथल्या डॉक्टरांनी एक सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे, जांघेतून घरी रक्त यायला लागलं तर आडवं करायचं आणि भोकाच्या किंचित वर तळहाताने घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही, कारण कातडीवरच्या भोकापेक्षा धमनीतलं भोक जरा वर असतं. आणि मदत बोलवायची. कधीकधी रक्त बाहेर दिसतही नाही, आत पोटामागे साठत जातं, तेव्हा कंबर किंवा कुशी दुखते, घाम येतो, चक्कर येते आणि माणूस म्हणतो झोपून झोपून कंबर धरलीये. परत तेच, साधं कारण तयारच असतं.

आत साठणाऱ्या रक्ताचं अजून एक म्हणजे बीपी बराच वेळ नॉर्मल दिसू शकतं. शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जोरात पळवून ते सांभाळून धरतं. म्हणून आधी नाडी वाढते, हात गार पडतात, लघवी कमी होते, माणूस अस्वस्थ होतो, सारखा कूस बदलतो. बीपी पडतं ते बऱ्याच उशिरा. घरी बीपीचं मशीन असेल तर त्यावर खालचा जो नाडीचा आकडा असतो तो पण बघत जा, आपण तो बघतच नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर अपेंडिक्सच्या वेळी सलाईनची सुई लावलेली शीर सुजली होती, मनगटापासून वर दोरीसारखी कडक झाली, लाल, हात लावू देत नव्हते. ते त्यामानाने किरकोळ असतं, सुई काढून टाकायची, हात उंच ठेवायचा, शेकायचं, दोरी मात्र काही आठवडे हाताला लागत राहते. ताप आला, पू झाला किंवा लाली वर सरकत गेली तर दाखवायचं. सुईपाशी आग होतेय असं पेशंट म्हणाला तर सिस्टरना लगेच सांगा, संकोच करू नका, मी रात्रभर सहन केलं आणि काही गरज नव्हती.

हृदयाचं मात्र थोडं सांगायला हवं. मोठ्या ऑपरेशननंतर, मग ते पोटाचं असो का हाडाचं, हृदयाला इजा होऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या दोन तीन दिवसांत होते, आणि बहुतेकांच्या छातीत दुखतच नाही. पेनकिलरचा असर असतो, माणूस गुंगीत असतो. नुसता गळून गेल्यासारखा वाटतो, धाप लागते, नाहीतर काहीच नाही, ट्रोपोनिनच्या, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या, तपासणीतच सापडतं. हृदयविकार आधीपासून असेल तर ऑपरेशनच्या आधी हे बोलून ठेवायला हवं. बायपास झालेल्यांपैकी तर दर तीन चार जणांमागे एकाचे ठोके दुसऱ्या तिसऱ्या दिवशी बिघडतात, अनियमित पळायला लागतात. नातेवाईकांना वाटतं ऑपरेशन फसलं. बऱ्याचदा औषधांनी जागेवर येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-१० मधे, या सगळ्यातल्या काही गोष्टींसाठी एक वेगळा कप्पाच आहे, आय ९७. उपचारांनंतर होणारे रक्ताभिसरणाचे विकार. त्यात हृदयाच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी ताप येऊन छाती दुखते तो प्रकार आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजून जड होतो तोही आहे, ही सूज तर कधीकधी कित्येक वर्षांनी सुरू होते. कोरडी यादी आहे, पण ती वाचताना मला बरं वाटलं. आईचं जे झालं ते आमच्याच घरावर आकाशातून पडलेलं नव्हतं, जगभर इतक्या लोकांना होतं की त्याला नंबर द्यावे लागलेत, आणि ज्याला नंबर आहे त्याबद्दल आधी विचारताही येतं.

आईचा पाय आता कसा आहे? तीन महिन्यांनी परत डॉप्लर केली, शीर बरीचशी मोकळी झाली होती, सगळी नाही. गुठळीमुळे आतल्या झडपा खराब होतात त्यामुळे संध्याकाळी पाय जड होतो, घोट्यापाशी सूज येते. घट्ट मोजे घालते, त्याने हा त्रास होणं टळतंच असं नाही पण घातल्यावर तिला हलकं वाटतं म्हणून घालते. गुठळीनंतर कितीतरी जणांना असं राहतं. ती तक्रार करत नाही. मी मात्र तिच्या पायाकडे बघते तेव्हा तो एकोणिसावा दिवस आठवतो.

मागच्या महिन्यात तिचा डावा खुबाही बदलला. आम्ही सगळे घाबरलो होतो, ती नव्हती. भूल देणारे डॉक्टर तपासायला आले, त्यांनी अजून पेनसुद्धा उघडलं नव्हतं तर ही म्हणाली, "डॉक्टर, मागच्या ऑपरेशननंतर मला उजव्या पायात गुठळी झाली होती, मांडीपर्यंत. आधी ते लिहा." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून सगळं विचारलं, कधी झाली, किती दिवस औषध घेतलं, घरात आणखी कोणाला झालीये का. आधी गुठळी होऊन गेलेली असणं हा धोका मोजताना मोठा मुद्दा असतो, आणि फाईल चार इंच जाड झाली की तो आत कुठंतरी दबून जातो.

यावेळी ती पावलं हलवायचा व्यायाम न सांगता करत होती, टीव्ही बघताना, फोनवर बोलताना. दोन्ही पोटऱ्यांवर गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटरवर पेनाने खूण करून घेतली होती आणि रोज संध्याकाळी मी टेप लावायचे, म्हणजे रोज त्याच जागी माप घेतलं जाईल. नवीन तक्त्यात त्या गोळीच्या ओळीला शेवटची तारीख होती.

डिस्चार्जच्या दिवशी दादा औषधं घेऊन आला. आईने पिशवी मांडीवर घेतली, चष्मा लावला, फाईलचं ते पान उघडलं आणि स्ट्रिपा मोजायला लागली. चार दिवस इंजेक्शनं हॉस्पिटलमधेच झाली होती, पस्तिसातून चार गेले.

"तीन स्ट्रिपा आणल्यास. तीस झाल्या. एकतिसावी कुठाय?"

दादा परत खाली गेला.